तार कोणत्या नंबरची?

मुमानीनं मामूंचं मेंडोलिन माझ्या हवाली केलं, तेव्हा त्याच्या आठ खुंट्यांवर मिळून तीनच तारा शिल्लक होत्या. त्याही गंजून तपकिरी झालेल्या. चौथी तुटून पेटीच्या मखमलीत गुंडाळी होऊन पडली होती. बाकीच्या चार कधीतरी तुटून गेल्या असाव्यात, असं मी धरून चाललो. ही माझी पहिली चूक. ती कळायला चार महिने लागले.

पेटी लाकडी आहे. झाकणावर पांढऱ्या ऑइलपेंटनं कव्वाली पार्टीचं नाव लिहिलेलं होतं. ते उडालं, खालचं ‘औरंगाबाद’ तेवढं राहिलं. शहराचं नाव आता छत्रपती संभाजीनगर आहे, पेटीला ते कुणी कळवलेलं नाही. वाद्य इलेक्ट्रिक आहे. पोट नाही, नुसती चपटी लाकडी फळी. तारांखाली पत्र्याच्या झाकणातला एक पिकअप, आवाजाचं एक बटण आणि वायर खुपसायचं भोक. बनवणाऱ्याचं नाव कुठंही नाही. सत्तर-ऐंशीच्या दशकात मामू हे गळ्यात अडकवून खुलताबादच्या उरुसात, जालना-बीडकडच्या शादीखान्यांत आणि कधी कधी गणपतीच्या मांडवातही वाजवायचे. मग हजला जाऊन आले आणि पेटी माळ्यावर गेली.

मला वाटलं होतं, तारा बदलणं म्हणजे एका दुपारचं काम. औरंगपुऱ्याच्या बाजूला एका दुकानात मेंडोलिनच्या तारांचा सेट मिळाला. आठ तारा, छान पाकिटात, सोनेरी रंगाच्या. चढवल्या, स्पीकरला जोडल्या. वरच्या दोन जोड्या खणखणीत वाजल्या आणि खालच्या दोन जोड्या दुसऱ्या खोलीत कुणी वाजवतंय असा आवाज आला. दुकानदार म्हणाला, पिकअप गेलाय, नवा टाका. पिकअप चांगला होता. तारा चुकीच्या होत्या.

यामागचं कारण साधं आहे, पण ते मला पन्नाशीत कळलं. इलेक्ट्रिक वाद्याच्या पिकअपमध्ये लोहचुंबक असतो आणि त्याभोवती तांब्याच्या बारीक तारेचे हजारो वेढे. वरची पोलादी तार थरथरली की चुंबकाचं क्षेत्र हलतं आणि वेढ्यांत वीज उमटते. मायकेल फॅरेडेनं १८३१ साली दाखवलेलं तत्त्व तेच. म्हणजे पिकअपला आवाज ऐकूच येत नाही, त्याला फक्त लोखंड कळतं. साध्या मेंडोलिनच्या जाड तारांवर ब्राँझचा वेढा असतो. लाकडी पोटातून तो सुंदर गुंजतो, पण ब्राँझला चुंबक ओळखत नाही. आतल्या पोलादी गाभ्याचा जेवढा आवाज उमटेल तेवढाच. इलेक्ट्रिकला लागतो निकेलचा किंवा निकेल चढवलेल्या पोलादाचा वेढा. सोनेरी नव्हे, चंदेरी तारा. एवढं कळलं असतं तरी काम झालं असतं. पण ‘मग मामू कोणत्या तारा लावायचे?’ हा प्रश्न डोक्यात शिरला आणि मी इतिहासाच्या नादाला लागलो.

मेंडोलिन हे इटलीचं वाद्य. अठराव्या शतकात नेपल्समध्ये त्याला आजचं रूप आलं. तारांच्या चार जोड्या, व्हायोलिनसारखेच सूर लावलेल्या. त्याच्या मागे युरोपातलं ल्यूट आणि ल्यूटच्या मागे अरबांचं ऊद. ‘ल्यूट’ हा शब्दच ‘अल-ऊद’वरून आला. स्पेनमधल्या मुस्लिम राजवटीच्या काळात हे वाद्य युरोपात रुजलं. कुर्तुब्याच्या दरबारातल्या जिर्याबनं नवव्या शतकात ऊदाला पाचवी तार जोडली, असं अरबी इतिहासकार सांगतात. एवढ्यावरून ‘मेंडोलिन हा मुसलमानांचा शोध’ अशी पोस्ट कुणी फिरवू नये. आपल्याकडे हा रोग फार आहे. वाद्यं गावोगाव फिरतात, जिथं जातात तिथल्या सुताराच्या हातची होतात. ऊदाला पडदे नसतात, त्याच्या तारा आतड्याच्या आणि रेशमाच्या. मेंडोलिनला पडदे आहेत आणि तारा धातूच्या. मधलं सगळं काम इटालियन कारागिरांचं. आणि पूर्ण पोलादी तारांचा ताण सोसेल असं मेंडोलिन व्हायला एकोणिसावं शतक उजाडावं लागलं, कारण तोवर तसं पोलाद स्वस्तात ओढताच येत नव्हतं.

धातूची तार मात्र आपल्याकडे आधीपासून होती. ‘आईन-ए-अकबरी’त अबुल फजलनं वाद्यांची यादी दिली आहे. त्यात ‘जंतर’ नावाचं वाद्य येतं. गजभर लांबीची पोकळ दांडी, दोन टोकांना भोपळे, सोळा पडदे आणि पोलादाच्या पाच तारा. सोळाव्या शतकातली ही नोंद आहे. पाच हा आकडा लक्षात ठेवा, पुढं तो परत येणार आहे.

आणि ‘जंतर’ हा शब्दही. आपल्या सोनारांकडे तार ओढायची एक पोलादी पट्टी असते. तिला लहान लहान होत जाणारी छिद्रं असतात. धातूची काडी एका छिद्रातून ओढायची, मग त्याहून बारीक छिद्रातून, मग त्याहून बारीक. या पट्टीला मराठीत जंत्री म्हणतात. वाद्य जंतर आणि तार ओढायचं हत्यार जंत्री, दोन्ही ‘यंत्र’ या एकाच शब्दाची लेकरं. आपला जिल्हा तर या हत्यारावर जगलेला. पैठणीचा पदर आणि औरंगाबादचा किनखाब ज्या जरीनं झळकायचा, ती जरी म्हणजे सोन्याचा मुलामा दिलेली चांदीची तार. ती जंत्रीतून केसाइतकी बारीक ओढायची, मग चपटी करायची आणि रेशमावर गुंडाळायची. हे करणाऱ्यांना तारकश म्हणत. मेंडोलिनच्या जाड तारेत नेमकं हेच केलेलं असतं. मध्ये एक गाभा आणि त्याभोवती दुसऱ्या धातूचा वेढा. माझ्या नानीच्या शालूतला धागा आणि मामूंच्या वाद्याची तार एकाच रीतीनं बनते, हे लक्षात आलं तेव्हा मी दोन्ही भिंगाखाली धरून पाहिलं होतं. अगदी सारखं दिसतं.

दख्खनला तारेचं वेड जुनंच. विजापूरचा दुसरा इब्राहिम आदिलशाह, ‘किताब-ए-नवरस’ लिहिणारा, त्यानं आपल्या तंबोऱ्याला नाव ठेवलं होतं, मोतीखान. लोक घोड्या-हत्तींना नावं ठेवतात. हत्तीला त्यानंही ठेवलं होतं, पण वाद्याला खानाचा किताब देणारा सुलतान विरळाच.

औरंगाबाद, पैठण आणि विजापूर झालं. पण मराठी मुलखात तारेच्या वाद्यांची राजधानी म्हटली की मिरज. दुकानातल्या एका वयस्कर कारागिरानं माझं मेंडोलिन हातात घेऊन पहिलं वाक्य बोललं ते हेच, “मियाँ, इसकू मिरज का तार लगाव.” तो म्हणत होता ती सतारीची तार.

मिरजेची गोष्ट आपल्या वाचकांपैकी पुष्कळांना ठाऊक असेल, तरी थोडक्यात सांगतो. तिथले सतारमेकर मूळचे शिकलगार. ‘सैकल’ म्हणजे धातूला दिलेली चकाकी. ती देणारा तो सैकलगर, त्याचा मराठीत शिकलगार झाला. तलवारी आणि भाले घडवणं, त्यांना पाणी देणं, धार लावणं हा त्यांचा पिढीजात धंदा. एकोणिसाव्या शतकात इंग्रजी अंमल पक्का झाला, संस्थानांच्या फौजा आटल्या आणि तलवारीला गिऱ्हाईक उरलं नाही. त्या काळात, शतकाच्या मध्याच्या सुमारास, मिरजेच्या पटवर्धन संस्थानात फरीदसाहेब आणि त्यांच्या भावानं वाद्य दुरुस्तीत हात घातला आणि मग वाद्यं घडवायलाच सुरुवात केली. पंढरपूरच्या बाजूचे मोठे भोपळे, लाकडाची दांडी, हाडाची घोडी. ज्या हातांना पोलादाचं पाणी कळत होतं त्यांना सुराची ‘जवारी’ कळायला वेळ लागला नाही. पुढं किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ मिरजेत स्थायिक झाले. त्यांना स्वतःला वाद्यदुरुस्तीची जाण होती. १९३७ साली त्यांचं निधन झालं, त्यांची कबर मिरजेच्या मीरासाहेब दर्ग्याच्या आवारात आहे आणि उरुसात तिथं दरवर्षी संगीत सभा होते. मोठमोठे गायक तिथं बिदागीचा विचार न करता गाऊन जातात. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा वर्तमानपत्रांत बातम्या आल्या. दीडशेहून अधिक वर्षांनी का होईना, कारागिराच्या कामाला सरकारी कागदावर जागा मिळाली. तलवार मोडून सतार घडवणाऱ्यांची ही गोष्ट शाळेच्या पुस्तकात का नाही, हा प्रश्न मी पूर्वीही लिहून विचारला आहे. पुन्हा विचारतो.

एक गंमत. मिरजेत भोपळा पंढरपूरचा, हात शिकलगारांचा, पण उत्तम पोलादी तार म्हटली की सतारिये आजही जर्मनीतल्या रोस्लाऊचं नाव घेतात. ती मुळात पियानोची तार. अस्सल भारतीय सुरातही बव्हेरियाचं पोलाद वाजत असतं. शुद्धतेचा आग्रह धरणाऱ्यांनी हे जरा चघळावं.

तर सतारवाल्यांची भाषा नंबरांची. गिटारवाले इंचाच्या हजाराव्या भागात बोलतात, ‘दहाची तार’, ‘सव्वीसची तार’. सतारवाला म्हणतो, एक नंबर, तीन नंबर, पाच नंबर. ही दोन वेगळी जगं आहेत असं मला वाटायचं. मग पियानोच्या तारेचं जुनं अमेरिकी मोजमाप पाहिलं. एक नंबर म्हणजे ०.०१० इंच, दोन म्हणजे ०.०११, तीन म्हणजे ०.०१२, पाच म्हणजे ०.०१४. मेंडोलिनच्या सर्वांत बारीक तारेला जगभर वापरतात ०.०१० किंवा ०.०११ आणि दुसऱ्या जोडीला साधारण ०.०१४. म्हणजे सतारीची एक किंवा दोन नंबर आणि पाच नंबर! म्हाताऱ्या कारागिराला इंच माहीत नव्हते, पण त्याचं बोलणं हजाराव्या भागापर्यंत बरोबर होतं.

आता मामूंच्या माळ्यावर चढलेल्या पेटीकडे येतो, कारण ते टाळून पुढं जाणं खोटेपणाचं होईल.

हजहून आल्यावर मामूंनी वाजवणं सोडलं. कुणी फतवा काढला नव्हता. मोहल्ल्यातल्या दोन-चार जणांनी ‘अब तो छोडो’ म्हटलं असेल. घरात त्यावर कधी चर्चा झाली नाही. आमच्यात हा वाद नवा नाही. अकराव्या-बाराव्या शतकाच्या सांध्यावरचे इमाम गझाली ‘इह्या’मध्ये समावर, म्हणजे भक्तीच्या गाण्यावर, एक पूर्ण प्रकरण लिहितात. समा त्यांना मान्य आहे. तंतुवाद्यांना मात्र ते मनाई करतात. पण कारण बघा. आवाज गोड आहे म्हणून नव्हे. तसं असतं तर पाखरांचं गाणंही हराम ठरलं असतं, अशी त्यांची मांडणी. त्यांच्या काळी ही वाद्यं दारूच्या मैफलींची खूण होती म्हणून. दिल्लीचे हजरत निजामुद्दीन औलिया समाचे आशिक, पण वाद्यं त्यांना पसंत नव्हती, असं त्यांच्या मजलिसींच्या नोंदी सांगतात. त्यांचेच मुरीद बुऱ्हाणुद्दीन गरीब दौलताबादला आले, १३३७ मध्ये वारले आणि खुलताबादला दफन झाले. समात तल्लीन होऊन डोलण्याची त्यांची एक खास रीत होती. ती त्यांच्या अनुयायांना चिकटली आणि लोक त्यांना बुऱ्हाणी म्हणू लागले. त्याच खुलताबादेत, सहाशेहून अधिक वर्षांनंतर, माझे मामू स्पीकरला जोडलेलं मेंडोलिन वाजवत होते. परंपरा म्हणतात ती ही अशी वळणावळणाची असते. तिच्यात गझालीही आहेत आणि ॲम्प्लिफायरही.

खुलताबाद म्हटलं की औरंगजेब येतोच. त्यानं संगीताची प्रेतयात्रा निघाल्यावर ‘खोल गाडा’ म्हटल्याची गोष्ट इटालियन प्रवासी मनुचीनं सांगितली आणि ती शाळेत आपण सगळ्यांनी ऐकली. इतिहासकार कॅथरीन स्कोफिल्ड यांनी २००७ साली एका दीर्घ लेखात ही गोष्ट तपासून पाहिली. त्यांचा निष्कर्ष असा की औरंगजेबानं स्वतः गाणं ऐकणं सोडलं, पण राज्यभर संगीत बंद पडल्याचा पुरावा मिळत नाही. उलट फकीरुल्लाहच्या ‘राग दर्पण’सारखे ग्रंथ त्याच्याच राजवटीत लिहिले गेले. त्याच्या बाकीच्या कारभारावर जे बोलायचं ते जरूर बोलावं. पण स्वतः सोडणं आणि दुसऱ्यावर बंदी घालणं यात फरक आहे आणि हा फरक मी बादशहाच्या इतिहासात शिकलो नाही, मामूंच्या घरात शिकलो. मामूंनी वाजवणं सोडलं. पण आम्हा पोरांना टेपरेकॉर्डर बंद करा, असं एकदाही म्हटलं नाही.

मामू मेंडोलिन कुठं शिकले असतील? मेंडोलिन आपल्याकडे आलं ते पोर्तुगीज वळणाच्या गोव्यातून आणि इंग्रजांच्या मुंबईतून. गोव्याच्या चर्चमधल्या संगीतशाळांत व्हायोलिन शिकलेली पोरं मुंबईच्या बँडांत आणि मग सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात गेली. ज्याला व्हायोलिनचे सूर पाठ आहेत त्याला मेंडोलिन परकं नसतं, तारा त्याच सुरांत लागतात. मराठवाड्यात मात्र हे वाद्य सिनेमातून आणि रेडिओतून आलं. निजामाच्या राज्यात हैदराबादप्रमाणे औरंगाबादेतही रेडिओ केंद्र होतं. स्वातंत्र्याच्या वेळी देशी संस्थानांत जी पाच केंद्रं होती त्यात आपलं एक, ही गोष्ट आज शहरातही फारशी कुणाच्या गावी नाही.

आणि सिनेमातलं मेंडोलिन म्हणजे सज्जाद हुसेन. १९१७ साली माळव्यातल्या सीतामऊ संस्थानात जन्म. ‘संगदिल’ (१९५२) आणि ‘रुस्तम सोहराब’ (१९६३) यांचे संगीतकार. चित्रपट मोजकेच, पण जाणकार आजही त्यांचं नाव कानाच्या पाळीला हात लावून घेतात. मेंडोलिनवर हिंदुस्थानी राग वाजवणं म्हणजे हार्मोनियमवर मींड काढण्याइतकं अवघड. पडदे ठरलेले, दोन सुरांमधली जागा नाहीच. सज्जाद ती जागा तार दाबून, ओढून काढायचे. त्यांच्या पाठोपाठ लक्ष्मीकांत कुडाळकर. लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतले लक्ष्मीकांत आधी मेंडोलिनवादक होते. गरिबीतल्या त्या मराठी पोराला हे वाद्य हुसेन अली नावाच्या वादकाच्या सहवासात साधलं. मुंबईच्या स्टुडिओंत असे किती हुसेन अली वाजवून गेले, ज्यांची नावं तबकडीवर कधीच छापली गेली नाहीत.

आमच्या कव्वाली पार्ट्यांत मात्र मेंडोलिनपेक्षा ‘बेंजो’ जास्त. ज्याला महाराष्ट्रात बेंजो म्हणतात तो अमेरिकी बँजो नव्हेच. जपानमध्ये नागोयाच्या गोरो मोरिता यांनी १९१२ साली टायपरायटरसारख्या कळा लावून एक तंतुवाद्य काढलं, ताइशोगोतो. ते तिसाच्या दशकात हिंदुस्थानात आलं, बुलबुल तरंग झालं आणि मग पिकअप लागून गणपतीच्या मिरवणुकीतला बेंजो. जपानी वाद्य, अमेरिकी नाव, कोकणी ताल. त्याच्याही तारा साध्या पोलादी, तुटल्या की सतारीच्या दुकानातून आणलेल्या. कळा दाबून वाजवायच्या बेंजोवर तार बोटानं ओढता येत नाही. कव्वालाचा आलाप जिथं घसरत जातो तिथं बेंजो पायऱ्या उतरतो. मामूंना बहुधा तेच नको होतं.

‘बहुधा’ म्हटलं, पण पुरावा आहे. चार महिन्यांनी तो सापडला.

आठ तारांचं मेंडोलिन म्हणजे दोन-दोन तारांच्या चार जोड्या. दोन्ही तारा एकाच सुरात. एकत्र वाजल्या की आवाजाला भरणा येतो, खणखण येते. पण मींड काढायला जोडी ओढली की दोन तारा सारख्या ताणल्या जात नाहीत. एक किंचित पुढं जाते, सूर फाटतो. सज्जाद यांनी ते साधलं, पण सज्जाद एकच. दक्षिणेत यू. श्रीनिवास यांनी दुसरी वाट काढली. आंध्रातल्या पालकोल्लूचा हा मुलगा, जन्म १९६९. कर्नाटक संगीताच्या गमकांसाठी त्यांनी इलेक्ट्रिक मेंडोलिन घेतलं, जोड्या काढून टाकल्या, एकेकच तार ठेवली आणि खालच्या सुरांसाठी पाचवी जोडली. अबुल फजलच्या जंतरावर होत्या तेवढ्याच पाच, जिर्याबच्या ऊदावरही पाच. योगायोगच म्हणायचा. एकेरी तारेचा आवाज बारीक आणि थोटका असतो, पण वीज हाताशी असल्यावर भरण्याची चिंता राहत नाही. अमेरिकेत फेंडर कंपनीनं १९५६ सालीच चार एकेरी तारांचं इलेक्ट्रिक मेंडोलिन काढलं होतं, ते वेगळ्या संगीतासाठी. पण श्रीनिवास यांनी त्याच्यावर त्यागराज वाजवला. १९८३ मध्ये ते बर्लिनच्या जाझ महोत्सवात वाजवत होते, तेव्हा वय चौदा. २०१४ मध्ये, पंचेचाळिसाव्या वर्षी गेले.

श्रीनिवास यांच्याविषयी वाचता वाचता मी उठलो आणि मामूंचं मेंडोलिन खिडकीपाशी नेलं. खुंट्यांच्या खाली हाडाची पट्टी आहे, तिच्यावर तारा बसायला आठ खाचा. त्यांतल्या चार खोल झिजलेल्या, काळ्या पडलेल्या. त्यांच्या शेजारच्या चार जवळजवळ कोऱ्या. चार खुंट्यांच्या भोकांभोवती तारेच्या वळांचे ओरखडे, उरलेल्या चार गुळगुळीत. आणि पडद्यांवर, जिथं एरवी तारेखाली बारीक खड्डा पडतो, तिथं बोटाच्या रुंदीचा आडवा चकाकता पट्टा. तार बाजूला ओढून ओढून पडलेला. चार तारा तुटल्या नव्हत्या. त्या कधी नव्हत्याच. ज्याचं नाव मराठवाड्याबाहेर कुणाला ठाऊक नाही, त्या माझ्या मामूंनी आपली जोडी आपणच मोडली होती, बेंजोच्या शेजारी बसून मींड काढता यावी म्हणून. श्रीनिवास त्यांनी ऐकले होते की नाही, हे विचारायला आता मामू नाहीत.

आणखी एक गोष्ट त्याच दुपारी दिसली. शिल्लक राहिलेल्या तिन्ही तारा सैल होत्या. जुन्या होऊन उतरलेल्या नव्हे, खुंट्या मोजून दोन-दोन वेढे उलट्या फिरवलेल्या. वाद्य दीर्घकाळ ठेवायचं असेल तर वादक असं करतो, म्हणजे तारांच्या ताणानं दांडी वाकत नाही. या वाद्यावर एकेका तारेचा ताण आठ-नऊ किलोच्या घरात असतो. आठ तारा म्हटल्या तर एका माणसाच्या वजनाइतका ओढा ती चिंचोळी दांडी रात्रंदिवस सोसत असते. मामूंनी पेटी बंद करण्याआधी तो उतरवून ठेवला होता. दांडी आजही सरळ आहे.

मग निवड सोपी झाली. सोनेरी सेट काढून टाकला. खालच्या दोन तारांसाठी इलेक्ट्रिक गिटारचा दहाचा सेट घेतला. त्यातली सव्वीसची आणि छत्तीसची, दोन्ही निकेलच्या वेढ्याच्या. गिटारच्या तारेच्या टोकाला पितळी मणी असतो, मेंडोलिनला लागतो फास. मणी पकडीत आडवा धरून हलकेच दाबला की फुटतो आणि आत आयता फास मिळतो. डोळ्यांवर चष्मा ठेवून करा, मण्याचा तुकडा उडतो. वरच्या दोन तारा सतारीच्या, एक नंबर आणि पाच नंबर. त्या वेटोळ्यानं मिळतात, स्वस्त पडतात आणि बारीक तारच जास्त तुटत असल्यानं वेटोळं घरात असलेलं बरं. फास हातानं वळायला म्हाताऱ्या कारागिरानं शिकवलं. माझे पहिले सहा सुटले.

जुम्मेची नमाज झाल्यावर मेंडोलिन घेऊन मुमानीकडे गेलो. छोटा स्पीकर लावला, सूर मिळवले, येतं तेवढं वाजवलं. मुमानी तसबीह हातात घेऊन ऐकत होती. थोड्या वेळानं म्हणाली, “बहोत कस दिया तू. उनो इत्ता चढाके नै रखते थे. एक सुर उतार.”

मी चारही तारा पूर्ण एक सूर उतरवल्या. तिनं मान हलवली. पार्टीचे कव्वाल ज्या पट्टीत गायचे तिच्याशी मामू तसंच जुळवायचे, हे ती चाळीस वर्षं घरात ऐकत आली होती. पण आता एक नंबरची तार ढिली पडली, ओढली की फडफडू लागली. हिशेब असा की लांबी आणि सूर तोच ठेवला तर ताण जाडीच्या वर्गाच्या पटीत बदलतो. ०.०१० वरून ०.०११ वर गेलं की जाडी एकदशांशानं वाढते, ताण मात्र २१ टक्क्यांनी. सूर एकानं उतरवल्यावर जेवढा ताण गमावला होता, जवळजवळ तेवढा एक नंबर वर गेल्यानं परत मिळत होता.

दुसऱ्या दिवशी दुकानात गेलो आणि सतारीची दोन नंबर मागितली.